शिंजिरास, डोंबिवलीहून

प्रिय शिंजिरा,

तू हमिंगबर्ड नाहीस. पत्राची सुरुवात नकाराने करू नये म्हणतात, पण इलाज नाही. दर हिवाळ्यात आमच्या कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा एक अंधुक फोटो येतो. खाली ‘आपल्या बिल्डिंगमध्ये हमिंगबर्ड!!’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याखाली टाळ्या, नमस्कार, फुलांचे गुच्छ यांची रांग लागते. मग एखादे निवृत्त गृहस्थ नम्रपणे लिहितात, ‘हा सूर्यपक्षी आहे, आपल्याकडे शिंजीर म्हणतात.’ त्यांना एकही अंगठा मिळत नाही. आपल्या दारची चीज परदेशी निघाली की आम्हाला तिची किंमत कळते, हा आमचा जुना रोग आहे. तो तू मनावर घेऊ नकोस.

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातली एकही अमेरिका खंडांच्या बाहेर राहत नाही. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. तुझं गोत्र चिमणीच्या बाजूचं, आणि आंब्यावरच्या बांडगुळात ‘चिक् चिक्’ करत फिरणारा तो इवलासा फुलटोच्या तुझा सगळ्यांत जवळचा भाऊबंद. लांब चोच, चकाकणारी पिसं, फुलातला मध हे सगळं तुम्हा दोघांनी आपापल्या घरी, एकमेकांना न विचारता जमवलं. तो हवेत एका जागी तरंगून पितो. तूही मनात आलं तर दोन क्षण तरंगतोस, पण बसायला काडी मिळाली तर उगाच पंख झिजवत नाहीस. मला विचारशील तर यात तुझं शहाणपण आहे.

आता खरं कारण सांगते. माझी भाची सिडनीच्या एका उपनगरात राहते. तिने मध्यंतरी तिच्या परसातला व्हिडिओ पाठवला : ‘मावशी, तुमचा शिंजीर इकडेपण आहे!’ बॉटलब्रशच्या लाल फुलावर लालभडक डोक्याचा, काळ्या पंखांचा, वाकड्या चोचीचा एक मूठभर पक्षी. चेहरामोहरा, चपळाई, फांदीला उलटं लटकण्याची लकब, सगळं तुझं. पण तो तू नव्हेस. तो स्कार्लेट हनीईटर, मधखाऊंच्या घराण्यातला. हमिंगबर्डशी तुझी तुलना करण्यात आमची हयात गेली आणि या तिसऱ्या घराण्याची आम्ही साधी चौकशीही केली नाही. म्हणून हे पत्र. तुझी ओळख तुलाच करून देण्याचा आगाऊपणा आहे खरा, पण वाचणारे तुझ्याबरोबर ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे रहिवासीही आहेत.

या मधखाऊंच्या सुमारे 190 जाती आहेत आणि तुम्हा शिंजिरांच्या दीडशेच्या आसपास. त्यांचं राज्य ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड, प्रशांत महासागरातली बेटं आणि इंडोनेशियाचा पूर्वभाग. तुमचं आफ्रिकेपासून भारत, मलाया ओलांडून पार तिकडच्या टोकापर्यंत. दोन्ही राज्यांची सीमा समुद्रात आहे. 1856 साली आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोम्बोकला उतरला. मधली सामुद्रधुनी जेमतेम 35 किलोमीटरची, आपल्या डोंबिवलीहून दादरला जाण्याइतकी. पण पलीकडे पाऊल ठेवताच त्याला काकाकुवे दिसले, मधखाऊ दिसले. अलीकडे जावा बेटावर त्यांचा मागमूस नव्हता. समुद्र तिथे फार खोल आहे. हिमयुगात पाण्याची पातळी खाली गेली तेव्हा बाली आशियाला जोडलं गेलं, लोम्बोक मात्र तुटलेलंच राहिलं.

मला या सगळ्यात भावतो तो हिशेब. त्यांच्या 190 जातींपैकी एकच ही सामुद्रधुनी ओलांडून बालीत येऊन स्थिरावली. आणि तुमच्या दीडशेपैकी एकच ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पोचली, उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्याला. पिवळ्या पोटाचा, निळ्या गळ्याचा तो तुझा भाऊ तिथल्या घरांच्या व्हरांड्यात आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर घरटं लटकवतो. डोंबिवलीकर शोभतो अगदी.

मधखाऊ इतके का वाढले, याचं एक उत्तर जमिनीत आहे. ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी, लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेली. तिच्यात स्फुरद कमी. ऊन मात्र मुबलक. तेव्हा झाडांना साखर करणं स्वस्त पडतं, बाकीचं सगळं महाग, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणून निलगिरीसारखी झाडं फुलांत मध ओततात, आणि त्या मधावर नुसते चिमुकले जीव पोसले जात नाहीत. टास्मानियातला एक मधखाऊ चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ अर्धा मीटर भरतो! तू दहा सेंटिमीटरचा, वजन दहा ग्रॅमच्याही आत. तिथे मधाच्या झाडावरून मारामाऱ्या होतात, टोळ्या जमतात, किरकिराट चालतो. त्या गोंगाटापुढे तुझं ‘चिवीट-चिवीट’ म्हणजे शालीनपणाच. जिभाही वेगळ्या. त्यांची टोकाला ब्रशासारखी, मध टिपून घेणारी. तुझी नळीसारखी वळलेली, टोकाला दुभंगलेली.

एक गंमत सांगायची राहिली. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड चव ओळखणारं जनुक केव्हाच गमावलं होतं. कोंबडीला साखर दिली तरी तिला तिचं काही वाटत नाही. हमिंगबर्डने मांसाची चव ओळखणारा ग्राहक दुरुस्त करून त्याच्यावर गोडाचं काम भागवलं, हे 2014 मध्ये सिद्ध झालं. पुढे 2021 मध्ये कळलं की गाणाऱ्या पक्ष्यांच्या आद्य पूर्वजानेही, तेही बहुधा ऑस्ट्रेलियातच, तशीच पण स्वतंत्र दुरुस्ती केली होती. मधखाऊंना आणि तुला ती तिथूनच मिळाली. म्हणजे जास्वंदीतला जो गोडवा तुला कळतो, त्याचं मूळ त्याच मुलखात आहे.

आता आमच्या बागेत ये. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची कोणतीही नवी सोसायटी घे, नाहीतर डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागातला एखादा जुना बंगला. कुंपणाला हमेलिया, नारिंगी नळ्यांचे घोस. मूळ अमेरिकेतलं, हमिंगबर्डसाठी घडलेलं. कोपऱ्यात हेलिकोनिया, तेही तिकडचंच. गेटजवळ बॉटलब्रश, सरळसरळ मधखाऊंचा. रस्त्याच्या कडेला पिचकारीचं झाड, आफ्रिकेतून आलेलं, तिथल्या तुझ्या भावंडांचं. नर्सरीवाल्याने ‘बारमाही फूल, देखभाल कमी’ एवढंच सांगितलं आणि आम्ही नकळत तीन खंडांचं जेवण एका अंगणात मांडून बसलो. ज्यांच्यासाठी ते होतं ते पाहुणे हजारो किलोमीटर लांब. जेवतोस एकटा तू.

आणि कसा जेवतोस! बॉटलब्रशच्या तुऱ्यावर वरून खाली, खालून वर, एकेक दांडा तपासत. कपाळाला पिवळे पराग लागतात, ते दुसऱ्या तुऱ्याला पुसले जातात. इथवर सगळं कायदेशीर. जास्वंदीपाशी मात्र तुझी नियत फिरते. ते फूल तुझ्या चोचीच्या मानाने खोल, म्हणून तू मागच्या बाजूने, देठाजवळ, पाकळीच्या बुडाशी बारीक भोक पाडतोस आणि परागांना स्पर्शही न करता आतला मध लंपास करतोस. फूल गळून पडलं की ते भोक स्वच्छ दिसतं, सुईने टोचल्यासारखं. आमच्या आजीबाईंच्या देवपूजेत अशी भोकाची फुलं कितीतरी वाहिली गेली असतील. देवाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

उलट, पळसाशी तू सचोटीने वागतोस. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पळसाच्या फुलांवर अनेक पक्षी आले, पण परागीकरणाचं काम नीट करणारा पक्षी निघाला फक्त जांभळा शिंजीर. जोडीला एक खार. मलंगगडाच्या पायथ्याशी किंवा टिटवाळ्याच्या पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, त्याला पुढे शेंगा धरतात, त्यात तुझा वाटा आहे.

तुला ‘तू’ म्हणते, पण तू एकटा थोडाच आहेस? आमच्याकडे तुम्ही निदान चौघे आहात, आणि कोण कुठे राहतो हे पाहिलं की आमच्या शहरांचा नकाशाच उलगडतो.

जांभळा शिंजीर सगळीकडे. कल्याण स्थानकाबाहेरच्या वैराण झाडावर, गांधारी पुलाजवळच्या बाभळीवर, निळज्याच्या तळ्याकाठी, उंबार्लीच्या टेकडीवर. थोडं रखरखीत, थोडं मोकळं चालतं त्याला. विणीच्या दिवसांत नर असा चमकतो की ऊन फिरलं की काळ्याचा निळा, निळ्याचा जांभळा होतो, आणि बगलेतून पिवळ्या-केशरी पिसांचे झुपके फुलवून मादीपुढे मिरवतो. हंगाम संपला की हा सारा शृंगार उतरवून पिवळट पोटावर काळी उभी रेघ घेऊन हिंडतो, तेव्हा भलेभले त्याला ओळखत नाहीत. स्कूटरच्या आरशातल्या ‘प्रतिस्पर्ध्याला’ चोचीने झोडपणारा बहुतेक वेळा हाच.

दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर. हा बागेतला, सावलीतला. पोट पिवळं, गळा जांभळा, खांद्यावर लालसर-तपकिरी पट्टा. हा बारा महिने एकाच पोशाखात. नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या जागी टॉवर आले तरी तो कुंड्यांवर भागवून टिकून राहिला.

तिसरा लोटनचा शिंजीर. श्रीलंकेच्या डच गव्हर्नरच्या नावाचा. चोच लांब, विळ्यासारखी वाकलेली. कोकणपट्टीत तो आहे, पण त्याला बघायला मान आणि चिकाटी दोन्ही लागतात.

आणि चौथा ठाण्याच्या डोंगरावरच्या येऊरच्या जंगलातला. त्याच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

किरमिजी पाठ, किरमिजी छाती, छातीवर बारीक पिवळ्या रेघा, शेपटी धातूसारखी हिरवी. सह्याद्रीच्या पट्ट्याबाहेर तो जगात कुठेही राहत नाही. मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, त्या कामातून 1832 मध्ये हा पक्षी शास्त्राला माहीत झाला आणि लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्सचं नाव त्याला चिकटलं. पाटोणपाड्याकडून येऊरच्या जंगलात शिरलं की पांगारा, काटेसावर फुललेली असताना, नाहीतर बांडगुळाच्या घोसावर तो भेटतो. पाटोणपाडा ते उपवन तलाव हे अंतर काही मैलोगणती नाही. पण तो डोंगर उतरून सोसायटीच्या हमेलियावर सहसा येत नाही. तिथे मध नाही असं नव्हे. मधापलीकडचं काहीतरी नाही.

ते काय, हे घरट्यापाशी कळतं. तुझी मादी घरटं विणते तेव्हा तिला गवत, सालपटं, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा असं काय काय लागतं; पण सगळ्यांत जास्त लागतं कोळ्याचं जाळं. तिचा सगळा बांधकामाचा चुना तोच. लोंबतं घरटं, एका बाजूला दार, दारावर छोटी पडवी, आणि खाली कचऱ्याची शेपटी. लांबून पाहणाऱ्याला जळमट वाटावं अशी. आत साधारण दोन अंडी. उबवणं एकटीचं, भरवायला नरही येतो. आणि पिल्लांना काय भरवता तुम्ही? मध नव्हे. कोळी, माश्या, बारीक अळ्या. नुसत्या साखरेवर कोणाचंच मूल वाढत नाही.

आमच्या सोसायट्यांत कोळ्यांना जागा नाही. दर तिमाहीला पेस्ट कंट्रोलचा माणूस पाठीवर टाकी घेऊन येतो आणि कुंपणावरच्या हमेलियावरही फवारा मारून जातो, कारण एका सभासदाला तिथे अळी दिसलेली असते. आमच्याच इमारतीत रंगकाम निघालं तेव्हा बाल्कनीतल्या वायरवरचं चालू घरटं कंत्राटदाराच्या माणसाने ‘जाळं आहे’ म्हणून झाडूने काढलं. तो बिचारा खोटं बोलला नाही; जाळंच होतं ते. जांभळ्या पाठीची जोडी महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावरच्या बोगनवेलीत पुन्हा कामाला लागली. तिच्या जागी येऊरचा असता तर लागला असता का, याची मला शंका आहे.

म्हणूनच मधखाऊंची गोष्ट मला नुसती मौजेची वाटत नाही. त्यांच्यात एक नॉइझी मायनर म्हणून आहे, राखी रंगाचा, भांडकुदळ. अखंड जंगलात तो कडेला राहतो. पण शेतं आणि रस्ते यांनी जंगलाचे तुकडे केले की कडाच कडा उरतात, आणि मग हा आपल्याच घराण्यातल्या लहान मधखाऊंना टोळीने हाकलून लावतो. ऑस्ट्रेलिया सरकारने 2014 मध्ये त्याच्या या दांडगाईची नोंद देशातल्या वन्यजीवांवरच्या प्रमुख संकटांत केली. त्याच देशातला रीजंट हनीईटर, काळा-पिवळा, देखणा, एकेकाळी थव्यांनी फिरायचा. आता काहीशेच उरले. 2021 मध्ये एक विचित्र गोष्ट उघड झाली. पक्षी इतके विरळ झाले की तरुण नरांना गाणं शिकवायला म्हातारे भेटेनात. सुमारे 12 टक्के नर आपल्या जातीचं गाणं गातच नाहीत, दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी म्हणतात, आणि अशा नरांची जोडी जुळणं कठीण जातं. सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातल्या पिल्लांना आता गाण्याची शिकवणी द्यावी लागते.

आपल्याकडे असं घडलं आहे असं मी म्हणत नाही. जांभळ्याने किरमिजीला हुसकावलं असंही नाही. पण तुकडे आपल्याकडेही पडत आहेत. येऊर ज्यात येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उणंपुरं 104 चौरस किलोमीटरचं. त्याच्या पोटाखालून ठाणे–बोरिवली जुळा बोगदा खणायला घेतला आहे, रस्त्यासकट 11.8 किलोमीटरचा. बोगदा जंगलाखालून जातो, हे त्यातल्या त्यात बरं. येऊरवरची हॉटेलं, लग्नाचे लॉन, रात्रीचे दिवे आणि डीजे मात्र जंगलाखाली नाहीत, जंगलातच आहेत. डोंबिवलीचं काय सांगू? प्रदूषणामुळे 2014 मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. रंगांच्या बाबतीत आम्ही तुला मागे टाकलं.

वृक्षारोपण होतं, नाही असं नाही. पण दर पावसाळ्यात खड्डे कुठल्या झाडांसाठी खणले जातात ते बघ. टेकड्यांवर वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, भरभर वाढते म्हणून. मधखाऊंच्या देशातून आणायचंच होतं, तर मधाचं झाड तरी आणायचं. हिच्या फुलात मध जवळपास नाहीच. देवाणघेवाण आपली अशीच. आपली साळुंकी 1862 च्या सुमारास मेलबर्नला नेली, किडे खाईल म्हणून. आज तिथे तिला शिव्या बसतात. सगळ्यांत मोठा अन्याय बांडगुळावर. आंब्याच्या बागाईतदाराने ते तोडलं तर समजू शकतं. त्याचं पोट आहे त्यावर. पण जंगलातल्या झाडावरचं बांडगूळ ‘झाडाचा रोग’ म्हणून काढणारे निसर्गप्रेमी मी पाहिले आहेत. त्याची नळीदार फुलं तुझी, त्याची फळं फुलटोच्याची, आणि त्याचं बी फुलटोच्याच एका फांदीवरून दुसरीवर नेऊन चिकटवतो. येऊरच्या किरमिजीला भर हिवाळ्यात हा मोठा आधार असतो.

तू बाल्कनीत येतोस आणि आम्ही खूश होतो : शहर इतकं वाढलं तरी निसर्ग शाबूत आहे म्हणून. माझं मत असं की हा दाखला चुकीच्या पक्ष्याकडून घेतलेला आहे. तुझ्या चार भावांपैकी दोघे आमच्याशी जुळवून घेतात, एवढाच त्याचा अर्थ. जे जुळवून घेत नाहीत त्यांच्याकडून दाखला घ्यायला येऊरला जावं लागेल, आणि तो मिळेलच याची खात्री नाही.

तुला काही मागायचं नाही. मागणं आहे ते हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाचणाऱ्यांकडे. पुढच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय संपल्यावर दोन मिनिटं मागून घ्या. कुंपणावरच्या झुडपांना कीटकनाशकाच्या फवाऱ्यातून वगळा. जानेवारी ते जून छाटणी किंवा रंगकाम काढण्याआधी वायरी, वेली, झुंबरं एकदा नजरेखालून घाला; घरटं चालू असेल तर पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे महिनाभर, तेवढा कोपरा सोडा. महापालिकेने झाडं विचारली तर पांगारा, पळस, काटेसावर सांगा. गल्लीत नाही मावली तरी टेकडीवर, मैदानाच्या कडेला मावतात. येऊरला गेलात तर गाणी लावू नका आणि बांडगुळाला हात लावू नका. आणि ग्रुपवर पुन्हा कुणी हमिंगबर्ड म्हणालं, तर त्या निवृत्त गृहस्थांना एक अंगठा द्या.

तुझी,
डोंबिवलीची एक रहिवासी